सोबत कोण आहे?

रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळवण्यासाठी डॉक्टरांची सही आणि शिक्का लागणारा एक छापील अर्ज असतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना सूट मिळते आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या एका माणसालाही. डायलिसिससाठी प्रवास करणाऱ्यांनाही अशी सवलत आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात तो अर्ज आमच्या कराडच्या घरात देवघरासमोरच्या स्टुलावर दोन दिवस अर्धवट भरून पडला होता. माझ्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं आणि मिरजेला केमो सुरू व्हायची होती. रुग्ण म्हणून माझं नाव लिहून झालं. सोबत जाणारा म्हणून कुणाचं लिहायचं, ते सुचेना. यजमानांचं डायलिसिस २०१६ पासून चालू होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पेन उचललं आणि स्वतःचं नाव लिहिलं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला झेपायचं नाही." ते म्हणाले, "बुधवारी मी मोकळाच असतो की."

मिरजेला डे केअरमध्ये सिस्टरनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पेशंटसोबत कोण आहे?" यजमानांनी हात वर केला. त्या हातावर आदल्या दिवशीच्या सुयांच्या जागी दोन पट्ट्या होत्या. सिस्टरनी त्या पट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता त्यांच्यासाठी एक खुर्ची सरकवली. हे पुस्तक त्या खुर्चीपासून सुरू झालं असं मी मानते.

मी सत्तावीस वर्षं एका वाचनालयात काम केलं. अडचण आली की पुस्तक शोधायचं, ही माझी जन्माची सवय. आमच्या कपाटांत कर्करोगातून बरे झालेल्यांची आत्मकथनं होती, डॉक्टरांनी सोप्या भाषेत लिहिलेली पुस्तकं होती, आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी हे सांगणारीही होती. त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत होती: एक आजारी आणि एक धडधाकट. धडधाकट माणसाने उशाशी बसावं, औषधाच्या वेळा पाळाव्यात, आपल्या मनाचीही काळजी घ्यावी. माझ्या घरात धडधाकट कुणी नव्हतं. स्वतःला ओकाऱ्या होत असताना दुसऱ्याच्या पथ्याची भाजी कशी शिजवायची, हे सांगणारं पान मला सापडलं नाही. पुढे उपचारांच्या खोल्यांत बसून कळलं की आमच्यासारखी घरं काही तुरळक नाहीत. तोंडाचं ऑपरेशन झालेला नवरा आणि संधिवाताने वाकडी झालेली बायको. रेडिएशनला आलेली बाई आणि पक्षाघातानंतर काठी धरून तिच्यामागून येणारा तिचा माणूस. कर्करोग हा बहुतेकांना उतारवयात गाठतो, आणि त्या वयात जोडीदाराची तब्येतही कुठे ना कुठे ढासळलेली असते.

यामागे एक इतिहास आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात, युद्धातल्या विषारी वायूच्या जातकुळीतलं नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा एका कर्करुग्णाला शिरेतून दिलं गेलं. मला मिळालेलं सायक्लोफॉस्फमाइड त्याच घराण्यातलं. पुढच्या वर्षी, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन गावच्या विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या सेलोफेन आवरणाच्या नळीतून रक्त फिरवून कृत्रिम मूत्रपिंड चालवून दाखवलं. आमच्या घरातले दोन्ही उपचार असे एकाच युद्धाच्या काळात जन्मले. तेव्हा त्यांची धडपड मरणाच्या दारातला माणूस चार दिवस मागे खेचण्याची होती. आता माणसं या उपचारांवर वर्षानुवर्षं जगतात, संसार करतात, म्हातारी होतात. म्हणूनच एका छपराखाली दोन दुखणी नांदू लागली. हे वैद्यकाचं यशच आहे आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे. पण त्या यशानंतरचा रोजचा दिवस कसा काढायचा, ते घराघराला आपापलं शिकावं लागतं.

पहिला धडा पाण्याचा. सायक्लोफॉस्फमाइड शरीरात फुटतं तेव्हा मूत्राशयाच्या अस्तराला भाजणारं द्रव्य तयार होतं. ते धुऊन जावं म्हणून मला केमोनंतर भरपूर, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं. यजमानांना चहा, ताक, आमटी धरून जेमतेम एक लिटर. त्यांना लघवी जवळजवळ होत नाही. प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, मग ते फुफ्फुसांत उतरतं आणि आडवं झालं की दम लागतो. भर मे महिन्यात एका माणसाने मळमळ दाबत पाण्याचा तांब्या रिकामा करायचा आणि शेजारी बसलेल्याने तोंडात बर्फाचा एक खडा धरून तहान मारायची. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरात, त्यांना पाठमोरी उभी राहून पाणी प्यायचे. त्यांच्या ते लक्षात आलं. एका दुपारी त्यांनी माझा तांब्या स्वतः भरून समोर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या वाटणीचंही पी."

ताटाचंही तेच. जुलाब झाले की मला केळं आणि शहाळ्याचं पाणी चालायचं. यजमानांना दोन्ही जवळजवळ वर्ज्य, कारण मूत्रपिंडं निकामी झाली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवतं. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक माणूस आपल्याकडे शहाळं घेऊन येतो. आमच्या ओट्याखाली शहाळ्यांची रास पडायची आणि ती सगळी मला एकटीला संपवावी लागायची. त्यांच्या भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून करायच्या. माझ्या तोंडाला लोखंडासारखी चव आलेली, तोंड आलेलं, त्यामुळे मला मऊ भात आणि बिनतिखटाचं मुगाचं वरण. फोडणीचा वास आला की माझ्या पोटात ढवळायचं, म्हणून फोडणी यजमान घालायचे आणि मी तेवढा वेळ मागच्या दारी जाऊन बसायचे. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ एका हितचिंतकाने आणून दिलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, हे डायलिसिसच्या टेक्निशियनने वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं. औषधांचे डबे आम्ही वेगळे केले, माझा पितळी आणि त्यांचा स्टीलचा. उलटी थांबवणाऱ्या गोळीने मला बद्धकोष्ठ व्हायचं आणि त्यावर मिळालेलं मॅग्नेशियमचं पातळ औषध यजमानांना धोक्याचं होतं. एकाच घरात एकाचं औषध दुसऱ्यासाठी विष ठरू शकतं, हे दोघांनीही डोक्यात पक्कं बसवायला हवं.

रात्रीची झोपही मांडून घ्यावी लागली. यजमानांच्या डाव्या मनगटात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला आहे. त्या हातावर झोपायचं नाही, तिथे रक्तदाब मोजायचा नाही, रोजची सुई टोचायची नाही. माझ्या उजव्या काखेतल्या गाठी काढलेल्या, हात सुजू नये म्हणून तोही जपायला सांगितलेला. इतक्या वर्षांच्या संसारात बदलली नव्हती ती पलंगावरची बाजू आम्ही त्या वर्षी बदलली, म्हणजे जपायचे दोन्ही हात बाहेरच्या अंगाला राहतील.

या पुस्तकाचा पहिला भाग दिनदर्शिकेचा आहे, कारण केमोचे त्रास तारखेने येतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुष्कळ भीती वाचली असती. लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिनने पहिल्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. सोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते उतरलं की अंग गळून पडतं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. दोन-तीन आठवड्यांनी केस जातात. पहिले दोन दिवस औषधाचा अंश लघवीतून, उलटीतून बाहेर पडतो, म्हणून संडासात दोनदा पाणी टाकायचं, खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. यजमानांच्या बाजूला शनिवार ते मंगळवार ही मोठी फट सगळ्यांत जोखमीची, आणि डायलिसिस झालेली संध्याकाळ निव्वळ पडून राहण्याची. आम्ही एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझे दिवस हिरव्या आणि त्यांचे निळ्या पेन्सिलीने रंगवले. ज्या चौकोनात दोन्ही रंग आले, त्या दिवशी तिसरा माणूस लागणारच, हे समोर दिसू लागलं.

दुसरा भाग लिहिणं सगळ्यांत कठीण गेलं. तो लपवण्याबद्दल आहे.

दुसऱ्या केमोनंतरच्या दहाव्या दिवशी, शुक्रवारी रात्री, मला थंडी वाजून ताप आला. थर्मामीटरवर १०१ होता. १०० पूर्णांक ४ च्या वर ताप गेला तर लगेच दवाखाना गाठायचा, असं फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, त्यांच्या डायलिसिसचा. आपण आता बोललो तर ते जाणार नाहीत, पुढे दोन दिवसांची फट, एवढाच विचार केला. पॅरासिटामॉल घेतली आणि पांघरूण ओढून पडले. त्या गोळीने ताप दबला, आतला संसर्ग दबला नाही. शनिवारी दुपारी ते घरी आले तेव्हा मी उठूनही बसू शकत नव्हते. पाच दिवस ॲडमिट होते. पांढऱ्या पेशी इतक्या खाली असताना काही तासांच्या उशिरानेही जीव जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला शांतपणे पण स्पष्ट सांगितलं.

मी घरी आल्यावर यजमानांनी लपवलं. मला एकटं ठेवायला नको म्हणून ते चार तासांच्या जागी तीन तासांतच मशीनवरून उतरून यायला लागले. मला सांगायचे, आज लवकर नंबर लागला. तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी रात्री, ते उठून खिडकीशी बसले आणि त्यांना श्वास पुरेना. साठलेलं पाणी छातीत उतरलं होतं. त्या रात्री रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझ्या तापाच्या दिवशी त्यांनाही माझा तसाच राग आला असणार, हे तेव्हा कळलं.

दोघांनीही हे मायेने केलं. आपल्याकडे आजारपण सोसताना न बोलणं हा गुण समजला जातो, बाईच्या बाबतीत तर फारच. एक आजारी आणि एक धडधाकट असेल तेव्हा कदाचित ते चालूनही जातं, कारण धडधाकट माणूस चेहरा वाचतो. दोघंही थकलेले असले की चेहरा वाचायचं बळ कुणातच उरत नाही. म्हणून बोलावं लागतं, आणि ठरलेल्या वेळी बोलावं लागतं. आम्ही सकाळच्या चहाला तीन गोष्टी एकमेकांना सांगायचा नेम केला: ताप किती, वजन किती, रात्री काय झालं. माझा ताप, त्यांचं वजन आणि दोघांची रात्र. हा नेम आजही चालू आहे. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट उचलायची ठरवली, तर ही उचलावी.

याच भागात आणखी एका गोष्टीबद्दल मी लिहिलं आहे. ती सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. दोन आजारी माणसं एकमेकांचं दुखणं तोलतात. माझं मोठं की तुझं मोठं. त्यांच्या पायात गोळे आले की माझ्या मनात यायचं, मला तर हाडं फुटल्यासारखी दुखताहेत, मी कुठे ओरडते? माझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा नातेवाइकांची रीघ लागली, आणि दोन वर्षं सुया टोचून घेणाऱ्या त्यांच्याकडे कुणी बघेना. त्याने ते आतून दुखावले होते. कर्करोगाला जे वलय आहे ते मूत्रपिंडाच्या आजाराला नाही. हे आम्ही एका संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसून एकमेकांना बोलून दाखवलं. केमोच्या थकव्यावर पडून राहण्यापेक्षा थोडं चालणं अधिक गुण देतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिथवर जायचो. समोरासमोरून येऊन कृष्णा आणि कोयना जिथे मिळतात, तिथल्या पायरीवर त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो. त्यानंतर तोलणं थांबलं असं म्हणणार नाही. पण ते मनात आलं की आता सांगता येतं.

बोटांची गोष्ट मात्र इथेच सांगते. फिस्टुला नीट चालू असला की त्यावर बोट ठेवल्यावर एक सूक्ष्म थरथर जाणवते, मांजराच्या अंगावर हात ठेवावा तशी. ती थरथर थांबली तर फिस्टुला बंद पडला, आणि तासाभराचाही वेळ घालवायचा नसतो. रोज सकाळी ती तपासायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. ऑगस्टपासून मला दर बुधवारी पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं, एकूण बारा वेळा. हे औषध अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीत सापडलं. पेशीच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. पेशी दुभंगताना तो मोडून पुन्हा रचावा लागतो, आणि हे औषध तो मोडूच देत नाही. त्यामुळे कर्कपेशीची वाढ अडते. पण मज्जातंतूंतली ने-आणही त्याच नळ्यांवरून चालते. सगळ्यांत लांब तंतू हातापायांच्या बोटांना जातात, म्हणून मार आधी तिथे बसतो. सातव्या आठवड्यात मला ब्लाउजचे हूक लावता येईनात.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि काहीच जाणवलं नाही. पुन्हा ठेवली, दाबून पाहिली. नाहीच. आम्ही होतो तसे निघालो, ते बनियनवर शर्ट चढवत आणि मी डोक्याला रुमाल बांधत. टेक्निशियनने हात ठेवला आणि म्हणाला, "काकू, छान चालू आहे की." फिस्टुला जिवंत होता. बोटं माझी मेली होती. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. केस जाताना, स्तन जाताना जे वाटलं नव्हतं ते मला तेव्हा वाटलं, की सोबत करण्याचं आपलं साधनच गेलं. यजमान शेजारी येऊन बसले आणि त्यांनी ते मनगट माझ्या कानाला लावलं. आत वारा वाहावा तसा आवाज येत होता. बोटांना कळत नसलं तरी कानाला ऐकू येत होतं.

बधिरपणाचं मी मिरजेला सांगितलं आणि डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी केली. हे सांगायला हवं होतं ते बोटांत मुंग्या येऊ लागल्या तेव्हाच. उपचार थांबवतील या भीतीने बायका गप्प बसतात. मात्रा बदलणं, एखादा आठवडा पुढे ढकलणं, हे उपचारातच धरलेलं असतं.

तिसरा भाग मागण्याचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोही बसते आणि डायलिसिसही. पण तेव्हा वर्षाला एका कुटुंबामागे दीड लाख रुपयांची मर्यादा होती आणि आम्ही दोघंही एकाच केसरी शिधापत्रिकेवर होतो. एकाच रकमेतून दोघांनी खर्च करायचा. आता ती मर्यादा पाच लाखांची आहे, तरी दोन रुग्णांच्या घराने वर्षाच्या सुरुवातीलाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राबरोबर बसून हिशेब मांडावा. सल्ले देणारे खूप भेटतील. कुणी अंगणातल्या सदाफुलीच्या पानांचा रस सांगेल. सदाफुलीतून कर्करोगावरची औषधं निघाली हे खरं आहे, पण ती शुद्ध करून, थेंबाच्या मापाने दिली जातात. पानं चावून खाणं म्हणजे विषाशी खेळ. कुणी गुळवेल देईल, तिने यकृत बिघडल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. कुणी परसातलं कमरक आणेल, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करतं. अशा प्रत्येकाला आम्ही एक काम सांगायला शिकलो. "काढा नको, पण बुधवारी आमच्यासाठी भाकऱ्या टाकून द्याल का?" बहुतेकांना तेच हवं असतं. काहीतरी करावंसं वाटतं आणि काय ते सुचत नाही, म्हणून माणसं काढे आणतात.

रेडिएशनच्या १५ बैठकांसाठी मला तीन आठवडे मिरजेत राहावं लागलं. यजमानांना डायलिसिस सोडून येता येईना. पुतण्याची बायको कराडला येऊन राहिली, आणि मिरजेत माझ्यासोबत वाचनालयातली एक जुनी सभासद, जिच्याशी माझं नातं फक्त पुस्तकं बदलून देण्याचं होतं. दोघींनाही मी स्वतः फोन केले होते. त्या दोन फोनांसाठी मला आठवडाभर धीर गोळा करावा लागला. नवरा-बायकोने एकमेकांना पुरं पडलंच पाहिजे, हा हट्ट सोडला आणि आमचं ओझं हलकं झालं.

मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेलं आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावं, कारण प्रत्येकाचं औषध, मात्रा आणि पथ्य वेगळं असतं. डायलिसिस सेंटरचे टेक्निशियन, डे केअरच्या सिस्टर आणि पाण्याची बाटली पुढे करणारे अनोळखी सहप्रवासी यांनी हे पुस्तक मला शिकवलं. ज्या जोडप्यांनी आपल्या वह्या वाचायला दिल्या, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेने घातलेली नाहीत.

माझ्या बोटांना आता बरीचशी जाणीव परतली आहे, सगळी नाही. थरथर पुन्हा कळू लागली आहे. तरी सकाळी चहाच्या आधी मी यजमानांच्या मनगटाला कानच लावते. ते विचारतात, "काय म्हणतंय?" मी सांगते, "चालू आहे." मग ते माझ्या कपाळाला हात लावून बघतात, आणि आम्ही चहा घ्यायला बसतो.